निरोप मिळाला, काम झालं का?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, 'मी काय काम करतो, करते'. दवाखाना चालवणाऱ्यांचं, शेती करणाऱ्यांचं, एसटीत असलेल्यांचं काम सांगायला सोपं आहे. माझं काम माझ्या आईलाही नीट कळलेलं नाही. शेजारी कुणी विचारलं तर ती सांगते, "कॉम्प्युटरवर असते." बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेले, २००२ साली पदवी घेऊन पुण्यात नोकरीला लागले, तेव्हापासून मी कॉम्प्युटरवरच आहे, तेव्हा तिचं काही चुकत नाही.

सगळं काम सांगत बसले तर जेवणाची पंगत उठेल. म्हणून त्यातला एकच तुकडा सांगते. त्या तुकड्यात माझ्या हातून झालेली एक चूक आहे, ती मी कंपनीबाहेर आजवर कुणाला सांगितलेली नाही. पण ज्यांनी मला सातवीत बाकावर उभं राहिलेलं पाहिलंय त्यांच्यापुढे लाजायचं ते काय.

आधी आपली सूचनावही आठवा. लाल कापडी पाठीची, लांबट. शिपाईमामा ती काखेत घेऊन वर्गावर्गात फिरायचे आणि दारात उभे राहायचे. बाई खडू खाली ठेवायच्या, सूचना मोठ्यानं वाचायच्या, "उद्या शाळा सकाळी साडेसातला भरेल", मग वहीत सही करायच्या आणि मामा पुढच्या वर्गाकडे जायचे. आपल्या एका सरांची पद्धत मात्र वेगळी होती. नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि आत्ताच हसायला लागलेत. सर आधी सही करायचे, वही परत करायचे आणि म्हणायचे, "एवढं उदाहरण संपवू, मग सांगतो." उदाहरण संपायच्या आत तास संपायचा. आठवीच्या सहलीचे पैसे भरायची शेवटची तारीख सगळ्या शाळेला माहीत होती, फक्त आपल्या तुकडीला नव्हती. ऑफिसात विचारायला गेलो तेव्हा क्लार्कनी वही उघडून दाखवली. सही होती!

सही आधी की वाचन आधी, यावर माझ्या धंद्यात माणसं तासन् तास वाद घालतात. का, ते सांगते.

२०१८ साली आमच्या कंपनीकडे एका दूध संस्थेचं काम आलं. गावोगाव संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दूध, फॅट आणि एसएनएफ मोजून नोंद, आणि दर दहा दिवसांनी बिल. तुमच्यातल्या निम्म्या घरांतून केंद्रावर कॅन जात होता, तेव्हा बिल म्हणजे काय हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. पूर्वी ते केंद्रावर रोख मिळायचं. नोटाबंदीनंतर बऱ्याच संस्थांनी ते थेट बँक खात्यात भरायला सुरुवात केली, तशी याही संस्थेनं केली.

आता यात अडचण काय होती, बघा. हिशेब करणारा आमचा प्रोग्राम हजारो उत्पादकांची बिलं काही सेकंदांत काढून मोकळा होतो. बँकेकडे मात्र एकेक व्यवहार पाठवायचा, होकार येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. एक धावणारा आणि एक चालणारा यांना एकाच दोरीनं बांधलं तर दोघंही पडतात. म्हणून मधे एक रांग ठेवतात. आमच्या भाषेत क्यू. हिशेबाचा प्रोग्राम प्रत्येक बिलामागे एक छोटा निरोप त्या रांगेत टाकतो: सभासद क्रमांक, बँक खातं, रक्कम, कुठल्या दहा दिवसांचं बिल. टाकला की त्याचं काम संपलं. दुसऱ्या बाजूला पैसे पाठवणारे प्रोग्राम असतात, त्यांना आम्ही वर्कर म्हणतो. ते रांगेतून निरोप उचलतात आणि आपल्या चालीनं बँकेकडे पाठवतात. बँक अर्धा तास बंद पडली तरी निरोप रांगेत शाबूत राहतात.

ही रांग आमच्या ऑफिसातल्या यंत्रावर नव्हती. ती अ‍ॅमेझॉनची भाड्याची होती. तुमच्या घरी मिक्सर आणि चपला पोचवणारी तीच अ‍ॅमेझॉन. त्यांची 'सिंपल क्यू सर्व्हिस' नावाची सेवा आहे, एसक्यूएस म्हणतात तिला. २००४ च्या अखेरीला त्यांनी ती चाचणी म्हणून बाहेर आणली आणि जुलै २००६ मध्ये रीतसर सुरू केली. क्लाउड हा शब्द तेव्हा आपल्याकडे फक्त आभाळासाठी होता. २०१६ पासून त्यांची मुंबईतही केंद्रं आहेत, आमची रांग तिथे होती. नावात सिंपल आहे खरं. टाकणं सिंपल आहे. घेण्यात गोम आहे, आणि माझ्याकडे नेमकं घेण्याचं काम होतं.

पहिली गोष्ट म्हणजे रांग आपणहून हाक मारत नाही. वर्करनं जाऊन विचारायचं, "आहे का काही?" सुरुवातीला मी लिहिलेला प्रोग्राम विचारायचा, "नाही" असं उत्तर आलं की लगेच पुन्हा विचारायचा, पुन्हा, पुन्हा. या सेवेचं भाडं किती वेळा विचारलं त्यावर असतं, उत्तर रिकामं आलं तरी ते मोजलं जातं. महिनाअखेरीला आमच्या साहेबांनी आकडा पाहून मला बोलावलं. दहा दिवसांतून एकदा बिल असलेल्या कामात आम्ही उरलेले नऊ दिवस पैसे देऊन "नाही, नाही" ऐकत होतो.

दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण हेच केलं होतं. दर पाच मिनिटांनी ऑफिसच्या खिडकीत, "मामा, आला का निकाल?" शेवटी मामांनी आपल्याला व्हरांड्यात बसवलं, "हितं गप बसा, गाडी आली की मीच सांगतो." रांगेकडेही अशी सोय आहे. विचारतानाच सांगायचं की, आत्ता काही नसेल तर लगेच नाही म्हणू नकोस, मी वीस सेकंदांपर्यंत थांबते, तेवढ्यात काही आलं तर दे. याला लाँग पोलिंग म्हणतात, आणि वीस सेकंद ही त्याची कमाल मर्यादा. याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. निरोप एका यंत्रावर नसतात, अनेक यंत्रांवर विखुरलेले असतात. घाईनं विचारलं तर रांग त्यातल्या काहीच यंत्रांवर बघून उत्तर देते, त्यामुळे निरोप असूनही कधीकधी "नाही" येतं. थांबायची तयारी दाखवली की ती सगळीकडे बघते. एक आकडा बदलला आणि भाडं खाली आलं. साहेब खूश झाले आणि मला वाटलं, मला ही रांग कळली.

आता मुख्य गोष्ट. वर्करनं निरोप घेतला म्हणजे तो रांगेतून गेला, असं कुणालाही वाटेल. तो जात नाही. तो तिथेच राहतो, फक्त काही काळ बाकीच्यांच्या नजरेआड होतो. या काळाला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात, आणि आपण काही सांगितलं नाही तर तो तीस सेकंद धरला जातो. निरोपासोबत वर्करला एक पावती मिळते. काम झालं की ती पावती दाखवून सांगायचं, "हा निरोप आता काढून टाक." तसं सांगितलं नाही आणि तीस सेकंद उलटले, तर निरोप पुन्हा सगळ्यांना दिसू लागतो आणि दुसरा वर्कर तो उचलतो.

असं का केलं असेल? कारण निरोप घेऊन गेलेल्याचं पुढे काय झालं, हे रांगेला कळायला मार्ग नाही. तो काम करतोय, की वाटेत वीज गेली, की प्रोग्राम कोसळला? सही होत नाही तोवर काम झालं नाही, असं ती धरून चालते. आपल्या बाईंची पद्धत. सरांच्या पद्धतीनं, म्हणजे घेतल्याबरोबर काढून टाकायचं ठरवलं, तर वाटेत कोसळलेल्या वर्करच्या हातातलं बिल कायमचं गेलं. ना रांगेत, ना बँकेत. मी बाईंची पद्धत धरली होती. आधी पैसे, मग पावती. म्हणजे माझी सही बरोबर जागी होती. चूक दुसरीकडे होती, आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती.

एका खेपेला जास्तीत जास्त दहा निरोप घेता येतात. मी दहा घेत होते. माझा वर्कर ते दहा ओळीनं एकामागून एक बँकेकडे पाठवायचा. एका व्यवहाराला दीड-दोन सेकंद, म्हणजे दहा व्यवहार वीस सेकंदांत उरकायचे. तीस सेकंदांची मुदत पुरून उरायची. मी मुदतीच्या त्या आकड्याला हातसुद्धा लावला नव्हता.

पावसाळ्यातल्या एका बिलाच्या संध्याकाळी बँकेची सेवा दहा-बारा मिनिटं मंदावली. बंद नाही पडली, मंदावली. एका व्यवहाराला सहा-सात सेकंद लागायला लागले. आता मांडा गणित. मुदतीचं घड्याळ दहाही निरोपांसाठी एकदमच सुरू होतं, निरोप हातात आल्याबरोबर. सात सेकंदांनी पहिला, चौदानं दुसरा, एकवीसनं तिसरा, अठ्ठाविसाव्या सेकंदाला चौथा झाला. तिसाव्या सेकंदाला उरलेले सहा निरोप पुन्हा रांगेत दिसायला लागले. दुसऱ्या वर्करनं ते उचलले. पहिल्याच्या हातात ते अजून होतेच. त्याला काय माहीत मुदत संपलीय. त्यानंही पैसे पाठवले आणि दुसऱ्यानंही.

यातली एक बाब मला आजही खटकते. मुदत उलटल्यावर आणि निरोप दुसऱ्याच्या हातात गेल्यावर पहिला वर्कर जुनी पावती दाखवून म्हणतो, "काढून टाक." रांग म्हणते, "ठीक." आणि काढत नाही. त्यांच्या माहितीपुस्तकात हे लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. त्यामुळे आमच्या नोंदवहीत त्या संध्याकाळी एकही लाल ओळ नव्हती. सगळं यशस्वी.

तुम्ही म्हणाल, बँकेला नको का कळायला, की तेच पैसे दोनदा येताहेत? बँकेला कळतं. प्रत्येक व्यवहाराला आपण एक संदर्भ क्रमांक द्यायचा असतो. तोच क्रमांक पुन्हा आला की ती बँक व्यवहार परत पाठवायची. मी तो क्रमांक कसा बनवला होता? त्या क्षणाची वेळ आणि पुढे एक यादृच्छिक आकडा. म्हणजे तेच बिल दुसऱ्यांदा गेलं की त्याला कोरा करकरीत नवा क्रमांक. बँकेच्या दृष्टीनं ते दोन वेगळे व्यवहार होते. तीन ओळींचं काम होतं ते, मी दुपारच्या चहाआधी लिहिलेलं मला आठवतं.

दोनशेच्या वर खात्यांत पैसे दोनदा गेले. काहींना तर तिसऱ्यांदाही.

दोन दिवस कुणालाही कळलं नाही. संस्थेचे व्यवस्थापक नंतर मला म्हणाले, "मॅडम, पैसे कमी गेले असते तर सकाळी साडेसहाला केंद्राचं दार फोडलं असतं लोकांनी. जास्त गेलेत, आता फोन कोण करतंय?" त्यांचं म्हणणं अगदीच खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका केंद्रावर एक आजी आल्या. एक म्हैस त्यांची. हातात बँकेचं पासबुक, त्यात एकाच दिवशी २,३४० रुपये दोनदा. सचिवांपुढे पासबुक ठेवून म्हणाल्या, "ह्यातलं एक माझं न्हाई. कुणाचं तरी माझ्यात आलंया. त्याचं बिल आडलं आसंल, बघा." आपले पैसे वाढले हे त्यांच्या मनात आलंच नाही. आपल्यात आले म्हणजे कुणाचे तरी गेले, असा त्यांचा हिशेब. सचिवांनी व्यवस्थापकांना फोन केला, त्यांनी आम्हाला. रात्री अकराला मी नोंदी उघडून बसले. एकाच बिलाच्या दोन ओळी, तीसेक सेकंदांच्या अंतरानं. बघता बघता पोटात खड्डा पडला. दोन वाजेपर्यंत यादी तयार झाली.

पैसे परत कसे घ्यायचे? खात्यात गेलेला पैसा ओढून आणता येत नाही. संस्थेनं ठरवलं, पुढच्या तीन बिलांतून कपात करायची. त्यासाठी सगळ्या केंद्रांवर लावायला एक पत्र हवं होतं, त्याचा मसुदा आमच्या कंपनीनं करून दिला. त्यात लिहिलं होतं, "बँकेच्या सेवेतील विलंबामुळे काही सभासदांच्या खात्यावर रक्कम दुबार जमा झाली आहे." मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. विलंब झालाच होता. मी वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि परत पाठवला.

आठवड्यानं व्यवस्थापकांबरोबर त्या आजींच्या केंद्रावर गेले. काम म्हणून जायची गरज नव्हती, मीच मागून घेतलं. संध्याकाळचं दूध चाललं होतं. भिंतीवर ते पत्र डकवलेलं, आणि रांगेतला एकजण दुसऱ्याला ते मोठ्यानं वाचून दाखवत होता. "बँकेनं घोळ घातलाय," असा निष्कर्ष काढून तो बँकेला चार शिव्याही देत होता. आपल्यासारख्याच गावातल्या शाखेतली दोन-तीन माणसं, त्यांना दुसऱ्या दिवशी खिडकीवर ते ऐकायला लागलं असणार. एकानं मला विचारलं, "तुम्ही बँकेच्या का?" मी म्हटलं, "नाही, कॉम्प्युटरच्या." मग म्हटलं, "बँक हळू झाली होती हे खरं. पण दोनदा पैसे आमच्या प्रोग्रामनं पाठवले. तो मी लिहिलाय." थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मग पत्रात तसं का न्हाई?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पत्र बदललं गेलं नाही. मी ऑफिसात परतल्यावर आग्रह धरला असता तर कदाचित बदललं असतं. मी एकदा म्हटलं आणि गप्प बसले.

एकानं तर जादा पैशांची पेंड आणून टाकली होती, गुरांनी खाल्लीसुद्धा. तो रागावला होता आणि त्याचं बरोबर होतं. पावसाळ्यात दूध कमी, त्यात कपात. त्याची कपात संस्थेनं तीनऐवजी सहा बिलांत केली.

त्या दिवशी सचिवांनी मला एक जुनी वही दाखवली, रोखीच्या काळातली. डावीकडे सभासद क्रमांक, वर बिलाची तारीख, चौकटीत अंगठा किंवा सही. मी विचारलं, "काका, रोखीत कधी दोनदा पैसे गेले का हो?" ते म्हणाले, "कसं जातील? माणूस समोर आला की आधी चौकट बघायची. भरलेली असली की पुढचा." सभासद क्रमांक आणि बिलाची तारीख, बस. माणूस दोनदा रांगेत उभा राहिला तरी चौकट एकच.

माझ्या प्रोग्रामात ती चौकटच नव्हती. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. तेच काम दोनदा सांगितलं तरी परिणाम एकदाच व्हावा. शब्द मला पाठ होता, मुलाखतींत मी तो दुसऱ्यांना विचारायची! परत येऊन पहिलं काम ते केलं. संदर्भ क्रमांक आता सभासद क्रमांक आणि बिलाचा कालावधी यांच्यापासूनच बनतो, कितीही वेळा बनवा, तोच येतो. पैसे पाठवण्याआधी आमच्या डेटाबेसमध्ये त्या क्रमांकाची चौकट भरली जाते. ती आधीच भरलेली असेल तर डेटाबेस दुसरी भरू देत नाही, आणि वर्कर मागच्या व्यवहाराचं काय झालं ते बँकेला विचारतो, नवा पाठवत नाही. दुसरं, दहाऐवजी एका वेळी दोनच निरोप घ्यायला लागलो आणि मुदत तीस सेकंदांवरून पाच मिनिटांवर नेली. काम लांबतंय असं दिसलं तर वर्कर मधेच रांगेला सांगून मुदत वाढवून घेतो, बारा तासांपर्यंत ती वाढवता येते.

ही बैठक चालली असताना एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं, "एवढं कशाला? निरोप घेतल्याबरोबर काढून टाकू. मग दोनदा जायचा प्रश्नच नाही." म्हणजे आपल्या सरांची पद्धत. सर, माफ करा, मी त्या दिवशी भर बैठकीत तुमची गोष्ट सांगितली. दोनदा गेलेले पैसे निदान पासबुकात दिसतात, आजी ते घेऊन येतात. न गेलेलं बिल कुठेच दिसत नाही. ज्याचं गेलं नाही तो आधी आठ दिवस स्वतःलाच विचारतो की आपलं दूध नोंदवायचं राहिलं की काय. दुसऱ्या एकानं म्हटलं, २०१६ पासून या सेवेत फिफो नावाची रांग मिळते, ती दुबार निरोप गाळते, तीच घेऊ. ती चांगली आहे. पण ती गाळते ते पाच मिनिटांच्या आत दोनदा टाकलेले निरोप. आपण घेतलेला निरोप मुदतीत संपवला नाही तर तीही तो परत समोर ठेवते. आमचं दुखणं टाकण्यात नव्हतंच.

राहिली एक गोष्ट, ती थोडक्यात. काही निरोप कितीही वेळा घेतले तरी पार पडत नाहीत. २०२१ मध्ये बँकांच्या विलीनीकरणामुळे कितीतरी शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. जुना क्रमांक असलेलं बिल बँक परत पाठवणार, वर्कर पावती दाखवणार नाही, निरोप पुन्हा रांगेत, पुन्हा तेच. रांग निरोप जन्मभर ठेवत नाही. काही सांगितलं नाही तर चार दिवस, सांगितलं तर जास्तीत जास्त चौदा. मग तो गुपचूप नाहीसा होतो. म्हणून पाच वेळा अपयश आलं की निरोप एका वेगळ्या रांगेत जाईल अशी सोय करून ठेवायची. तिला डेड लेटर क्यू म्हणतात. टपाल खात्यात असलेल्या आपल्या मित्राला हे नाव ओळखीचं वाटेल. पत्ता न सापडलेली पत्रं जिथे जायची त्या कचेरीचं हे जुनं नाव, हल्ली रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणतात. पण तिथेही पत्र उघडून बघणारा माणूस लागतो. आमच्याकडे ती रांग केली आणि तीन महिने तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. चौदा दिवस तिथेही लागू असतात, आणि आमच्या साध्या रांगेत ते निरोप पहिल्यांदा टाकला तेव्हापासून मोजले जातात, इकडे आला तेव्हापासून नाहीत. काही बिलं अशी गेली. ती आम्हाला हिशेबाच्या मूळ नोंदींवरून शोधून काढावी लागली.

तेव्हापासून बिलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या रांगेचा आकडा बघते. गजर लावलेला आहे, तो वाजतो, तरी बघते. एखादा निरोप असला की त्या केंद्राला फोन करते, खातं बदललं का, शाखा बदलली का, विचारते. ते सचिव अजून तिथेच आहेत. माझा आवाज ओळखतात. नमस्कार-चमत्काराच्या आधी पहिलं वाक्य ठरलेलं, "काय बाई, परत दोनदा टाकलंत काय?" मी त्यांना एकदा खरं ते सांगून बघितलं, की निरोप अजूनही दोनदा येऊ शकतो, पैसे दोनदा जाणार नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे माणूस दोनदा उभा राहणारच की रांगेत." मग मला नवा आयएफएससी सांगितला.

मागून सर घड्याळ दाखवताहेत, आणि भजी तळल्याचा वासही यायला लागलाय. मी लॅपटॉप आणलाय. जेवणानंतर ज्यांना खरी रांग बघायची असेल त्यांनी चौथीच्या वर्गात या, तिथे प्लग चालू आहे. चाचणीची रांग आहे, कुणाचे पैसे जाणार नाहीत.